रुमोरे आणि वरण-भाताचा डबा

मी अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात गाड्यांचे आवाज मोजते. सीट कुठे करकरते, गिअरबॉक्स कुठे घरघरतो, हे शोधणं माझी नोकरी. आमच्या इटलीतल्या कारखान्याच्या रिपोर्टांवर आवाजाच्या रकान्यात ‘रुमोरे’ लिहिलेलं असतं. तिथून आलेला एक सहकारी जेवताना म्हणाला, शब्द मूळचा लॅटिन. इटालियनमध्ये साधा आवाज, स्पॅनिशमध्ये पानांची सळसळसुद्धा, फ्रेंचमध्ये लांबून येणारा गर्दीचा कल्ला, जर्मनमध्ये तर पोट गुडगुडलं तरी त्याच घरातलं क्रियापद. इंग्रजीत मात्र ‘रूमर’ म्हणजे उरली नुसती अफवा.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, की आमच्या रांगेत राहणाऱ्या नागपूरच्या जोडप्यातल्या नवऱ्याची नोकरी गेली. म्हणजे नोकरीवर टिकलेल्या व्हिसालाही घरघर. आमच्याकडे कुणाचा लेऑफ झाला की बायका पाळीपाळीने डबे पोचवतात. पहिली पाळी मी घेतली. विचारणं बरं दिसत नाही म्हणून काही विचारलं नाही. वरण-भात आणि बटाट्याची भाजी तिच्या दारात ठेवून आले. पुढचे तीन दिवस आणखी तिघींच्या गाड्या तिथे थांबल्या.

मग तिचा फोन आला. "मावशी, हे डबे कशाचे हो? आमच्याकडे कोणी आजारी नाही."

"अगं, तुझ्या नवऱ्याचा जॉब..."

"तो ऑफिसात बसलाय! पण घरमालक काका लीज रिन्यू करत नाहीयेत. मुलीची शाळा सुटेल हो. म्हणतात, नोकरी गेलीय, भाडं कुठून देणार? डबे येताना मी स्वतः बघितले."

काका मंडळातलेच. मी तडक त्यांना फोन लावला.

"ग्रुपवर मी विश्वास ठेवत नाही हो," काका म्हणाले. "पण तुमच्यासारखी बाई डबा देते म्हणजे खात्री करूनच ना? आता दुसऱ्या भाडेकरूंना शब्द दिलाय."

किळस आली. काकांची, ग्रुपची आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या वरण-भाताची. लॅबमध्ये माइक तपासल्याशिवाय मी एक आकडा लिहीत नाही. खरं काय ते ग्रुपवर टाकलं, तर हात जोडलेले चार इमोजी आले आणि एक "चला, बरं झालं यार!"

महिनाअखेरीस ते जोडपं मुलीला घेऊन दुसऱ्या गावी, ट्रॉयला गेलं. जाताना माझा डबा दारात ठेवला होता. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी झाकण उघडलं. लख्ख घासलेला, कोरडा ठाक.