धुऊन दिलेल्या चादरी

सासूबाईंना नागपूरहून इकडे कॅनडाला आणलं तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी विमानात चढल्या होत्या. दोन वर्षांत अंथरुणाला खिळल्या. लघवीवर ताबा राहिला नाही, आणि आमच्या कॉन्डो फ्लॅटमधलं एवढंसं वॉशिंग मशीन रोजच्या चादरींना पुरेना. होम केअरच्या नर्सनं एक सरकारी लॉन्ड्री सुचवली. घरी म्हातारं माणूस असेल तर दर मंगळवारी माणूस येऊन खराब चादरींची पिशवी नेतो, शुक्रवारी धुऊन, घड्या घालून परत देतो. अप्लाय केलं आणि आठवड्याभरात हो आलं. त्या दिवशी मी आनंदानं रडले, खोटं कशाला सांगू?

पण सासूबाई! "परक्याच्या हातात हे असलं द्यायचं? अगं, लाज बाळग जरा." आणि लाज तर मलाही वाटतच होती. मग दर सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी टबाशी वाकून त्या चादरी चोळायचे, पिळायचे, वाळवायचे आणि स्वच्छ करून पिशवीत भरायचे. लॉन्ड्रीत द्यायला घरी धुणं! भांडेवाली यायच्या आधी खरकटी भांडी विसळून ठेवणाऱ्या घरात मी वाढले; मला त्यात काही वेडेपणा दिसलाच नाही. नवरा म्हणायचा, "कशाला करतेस एवढं?" स्वतः मात्र एकदाही टबाशी वाकायला आला नाही.

चार महिन्यांनी लॉन्ड्रीतून फोन आला. बाई फार गोड बोलली. तुमच्याकडून तर स्वच्छच चादरी येतात, खरी गरज असलेले लोक वेटिंग लिस्टवर आहेत, म्हणून तुमची सर्विस बंद करतोय. मी घाईघाईनं सांगितलं, अहो, मीच त्या आधी धुते. मग तिनं विचारलं, "पण का?" काय डोंबल सांगणार होते तिला!

पुढच्याच महिन्यात माझी कंबर धरली. टबाशी वाकले ती उठताच येईना. नवरा म्हणाला, "आईला लाँग टर्म केअरच्या वृद्धाश्रमात ठेवू या. तुझ्यानं होत नाही." आतल्या खोलीत सासूबाईंनी ते ऐकलं. मी गेले तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मला तिकडे नको गं टाकून देऊ बाई." नाही टाकणार, असं मी कबूल केलं आणि लॉन्ड्रीसाठी पुन्हा अर्ज केला.

तपासणीला एक बाई घरी आली. सासूबाईंनी सकाळीच माझ्याकडून वेणी घालून घेतली होती. बाईनं विचारलं, मी मराठीत सांगितलं: अंथरूण ओलं होतं का? सासूबाई छान हसल्या. "छे! सांग तिला, मी उठून जाते बाथरूममध्ये. अगदी ठणठणीत आहे म्हणावं."

माझं डोकंच फिरलं. इथे माझी कंबर मोडली, ज्या घरात राहायचं म्हणून माझा हात धरला ते घर सुटायची वेळ आली, आणि यांचा तोरा बघा! मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं.

खालची चादर ओली होती. वास आला. बाईनं मान वळवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सासूबाई दोन्ही हातांनी गाऊन गुडघ्यांखाली ओढत राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सर्विस पुन्हा सुरू झाली. त्या घरीच आहेत. आता मी चादर बदलली, की त्या भिंतीकडे बघत म्हणतात, "थँक्यू." अंघोळ घालायला येणाऱ्या मुलीला म्हणतात, अगदी तसंच. बावीस वर्षांत त्या मला टाकून बोलल्या, अबोला धरून बसल्या, माझ्या हातची भाजी नावडली म्हणून ताटावरून उठल्या. थँक्यू कधी म्हणाल्या नव्हत्या.