कोपरगावचा काटा आणि आमची साफसफाई

किस्से काही कुणी जमवत नाही, कामाच्या गडबडीत ते आपोआप साचतात. आमच्या ऑफिसात लायब्रऱ्याही तशाच साचल्या होत्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. आम्ही सुप्याला साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवतो. जुन्या लायब्रऱ्यांमुळे त्याचं बिल्डच होईना, म्हणजे सगळा कोड जोडून चालणारं सॉफ्टवेअरच तयार होईना, म्हणून शिंदे मॅडमनी मला आणि पारनेरच्या गायकवाडला साफसफाईला बसवलं.

*

पहिल्याच दिवशी एकाच नावाच्या दोन लायब्रऱ्या सापडल्या. बिल्ड दरवेळी जुनीच उचलायचं. मी वैतागले. गायकवाड म्हणाला, "गावात एका नावाची दोन माणसं असली, की पोस्टमन म्हाताऱ्याकडंच जातो."

*

मग त्याने ती जुनी उडवली. बिल्ड झालं, आम्ही चहा घेतला. पण दाराशेजारचं हजेरीचं मशीनही तीच लायब्ररी वापरत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याच्या ऑफिसातून मॅडमना फोन आला, "आज सुप्यात कुणीच आलं नाही का?"

मॅडम म्हणाल्या, "आलेत सगळे. पुरावा नाही."

*

खरी धास्ती बसली ती कोपरगावला. नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि तिथल्या काट्याचा स्क्रीन उघडेना. ऐन गाळपाचे दिवस. काट्यावरचे ऑपरेटर फोनवर म्हणाले, "बाहेर उसाचे ट्रॅक्टर उभे हायेत. त्यास्नी काय सांगू?"

मी तपासलं. तिथल्या कॉम्प्युटरवरची लायब्ररीसुद्धा जुनीच होती, नव्या सॉफ्टवेअरला ती चालत नव्हती. आम्ही तात्पुरतं आधीचं सॉफ्टवेअर परत टाकलं, काटा चालू झाला. दुसऱ्या दिवशी गायकवाड एसटीने गेला आणि काटा मोकळा असताना लायब्ररी बदलून दिली.

ऑपरेटरनी स्क्रीन निरखून पाहिला. "काय बदललं?"

"दिसणार नाही काही."

"मंग एवढ्या लांब आलता कशाला?"

*

शेवटी काढायची एकच लायब्ररी उरली. तिला हात लावला की सगळं बंद. ही कुणी घातली म्हणून शोधलं, तर जुन्या नोंदीत एक ओळ मिळाली: 'तात्पुरती सोय. सोमवारी काढते.' खाली नाव शिंदे मॅडमचं. नोंद त्या नवीन लागल्या तेव्हाची.

आम्ही त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. गायकवाड कीबोर्डकडे बघत बसला.

"कुठला सोमवार," मॅडम म्हणाल्या, "ते लिहिलंय का?"