बाबांना काय हवं होतं

परतवाड्याच्या स्टँडवर माझी गाडी सुटायच्या आधी बाबाच निघून गेले. २००१ चा जानेवारी होता. मी अमेरिकेला निघालो होतो आणि बाबांच्या रेस्ट हाउसवर त्याच दुपारी नागपूरचे कुणी मोठे साहेब मुक्कामाला यायचे होते. मेळघाटातल्या वनखात्याच्या त्या दोन खोल्यांच्या बंगल्यावर बाबा चौकीदार, स्वयंपाकी, पाणक्या असं सगळंच होते. खाकी शर्टावरच मला सोडायला आले, बॅगेची दोरी दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "पाहुना दारात यायच्या आंदी चूल पेटलेली पायजे." मग जंगलाकडे जाणाऱ्या एका जीपमध्ये मागे बसून गेले. माझी गाडी त्यानंतर चाळीस मिनिटांनी हलली. तेवढा वेळ मी ताईजवळ, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीजवळ, त्यांच्या नावानं खडे फोडत होतो. मुलगा सातासमुद्रापार चाललाय आणि बापाला साहेबाच्या कोंबडीची पडलीय! ताई नुसती डोळे पुसत राहिली.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात माझी पहिली कंपनी वर्षाच्या आत बुडाली. दुसरी मिळाली ती आफ्रिकेतल्या महागड्या सफारी लॉजेसचं रिझर्व्हेशन सॉफ्टवेअर करणारी. बोट्सवाना, टांझानिया, केनिया. आफ्रिका मी आजतागायत पाहिलेली नाही, पण कुठल्या तंबूच्या डेकवरून हत्ती दिसतात आणि कुठल्या हनीमून स्वीटच्या टबातून नदी दिसते ते मला झोपेतून उठवून विचारा. पहिल्याच आठवड्यात एका लॉजचे फोटो वेबसाइटवर चढवायला आले. कंदील, मच्छरदाणी, इनॅमलचा मग, आणि सगळ्यात भारी आकर्षण म्हणून बकेट शॉवर. म्हणजे माणूस चुलीवर पाणी तापवणार, बादली दोरीनं वर चढवणार आणि खाली पाहुणा आंघोळ करणार. मी स्क्रीनसमोर एकटाच हसत सुटलो. आमचे बाबा तीस वर्षं हीच लक्झरी सर्व्हिस देत होते आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बॉसनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, माझे वडील फॉरेस्ट डिपार्टमेंटमध्ये आहेत. त्याला वाटलं, मोठे अधिकारी असतील. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. एवढ्या वर्षांत कधीच केला नाही, हेही आता लिहूनच टाकतो.

बाबांचा उलटाच गैरसमज. त्यांना वाटायचं, मी अमेरिकेत राहून आफ्रिकेतले बंगले चालवतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पाहुने किती हायेत?" मी म्हणायचो, सगळे मिळून तीनशे असतील. मग ते "तीनशे" असं एकदा पुटपुटायचे. तीनशे माणसांचा चहा ते मनात करून बघत असावेत. एकदा मी त्यांना आमच्या प्रेफरन्स फॉर्मबद्दल सांगितलं. लॉजवर येण्याआधी पाहुण्याकडून हा भरून घ्यायचा असतो: उशी मऊ की कडक, चहा की कॉफी, कशाची भीती वाटते, काय साजरं करताय. बाबांना ते मुळीच पटलं नाही.

"इचाराचं कायले? पहिल्या चाहाच्या वक्ताले पाहाचं, कप कोन्या हातानं धरते. दुसऱ्या वक्ताले टेबल त्या बाजूले सरकवून ठेवाचा."

मी हे मीटिंगमध्ये माझं म्हणून सांगितलं. बॉस खूश झाला आणि ते लॉजच्या स्टाफ ट्रेनिंगमध्ये गेलं. आज बोट्सवानात ओकावांगो नदीच्या काठावर कुणी वेटर डावखुऱ्या पाहुण्याचं टेबल हलवत असेल तर ते मेळघाटातून आलेलं आहे. त्या वर्षी मला प्रमोशन मिळालं.

फॉर्म वाचत वाचत मी परक्या माणसांच्या इच्छांचा जाणकार झालो. टेक्सासच्या एका बाईंनी लिहिलं होतं की नवरा वारला आहे, तरी पलंगाच्या दोन्ही बाजूंना अंथरूण घालून ठेवा. मी स्वतः त्या लॉजला फोन करून ते घातलं जाईल याची खात्री केली. बाबांना मात्र काय हवं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनी कधी काही मागितलं नाही, म्हणून मला वाटलं, त्यांना काही नकोच असेल.

२००७ चा उन्हाळा माझ्यासारख्या इथे आलेल्यांना सांगायला नको. मागे राहिलेल्यांसाठी सांगतो. ग्रीन कार्डच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, वर्षानुवर्षं तुंबलेल्या तारखा अचानक खुल्या झाल्या, मग मिटल्या, मग पुन्हा उघडल्या. अट एवढीच की अर्ज भरताना माणूस अमेरिकेत हजर पाहिजे. आणि त्याच दिवसांत ताईचा फोन आला की बाबांच्या किडन्या गेल्यात, अमरावतीला ॲडमिट केलंय. मी तिकीट बुक केलं. वकील म्हणाला, आता बाहेर पडू नका, अर्ज जाईपर्यंत आणि पावती हातात येईपर्यंत नाही. हा चान्स गेला तर परत कधी येईल सांगता येत नाही. अर्जात रोहिणीचं, माझ्या बायकोचंही, नाव होतं. मी तिकीट कॅन्सल केलं.

बाबांना हे सगळं कसं समजावणार? मी सोपं करून सांगितलं, "बाबा, सीझन आहे." खोटं नव्हतं. जुलै-ऑगस्टात आमचे सगळे कॅम्प भरलेले असतात.

"मग येऊ नको," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "पाहुने टाकून येऊ नाई."

त्यांनी मला इतक्या सहज सोडलं की मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते. आठ दिवसांनी ते गेले. त्या दुपारी आम्हा दोघांची अर्जासाठीची मेडिकल टेस्ट होती. आम्ही गेलो. नर्सनं दंडात इंजेक्शन दिलं, मला रडू आलं, तेव्हा ती म्हणाली की फार दुखत असेल तर बर्फ लावा.

दहाव्या दिवशी ताईनं नदीवरून फोन लावला. तिथे सकाळचे आठ वाजले होते, इथे संध्याकाळ होती आणि ऊन अजून होतं. रोहिणी घरात होती. मी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उभा होतो आणि माझी पाच वर्षांची मुलगी शेजारी सायकल फिरवत होती. अग्नी चुलतभावानं दिला होता, पिंडही तोच ठेवत होता.

"शिवून नाई राहिला रे भाऊ," ताई म्हणाली. "तीन बसले हायेत झाडावर. खालीच नाई येऊन राहिले."

मागे माणसं बोलत होती ते ऐकू येत होतं. ताईच्या मुलीचं लग्न धडाक्यात करू म्हणून सांगून झालं. घर विकणार नाही म्हणून झालं. कुणीतरी बिडी ठेवली, कुणी भजी ठेवली. कावळे जागचे हलले नाहीत. माझ्यासमोर कचऱ्याच्या डम्पस्टरवर चार कावळे पिझ्झाच्या खोक्यासाठी भांडत होते.

"बाबाले काय पायजे होतं रे?" ताईनं विचारलं. "तुले मालूम असन."

मला मालूम नव्हतं. मी आठवून बघितलं. सहा वर्षांच्या फोनमधलं एकही वाक्य मला सापडेना, ज्यात त्यांनी स्वतःसाठी काही म्हटलं असेल. परक्यांच्या उश्या मला पाठ होत्या. "अजून नाही येत?" एवढंच मी फोनमध्ये म्हणालो.

"डॅडी, हू इज नॉट कमिंग?" मुलीनं विचारलं.

"अ बर्ड," मी म्हणालो.

तेवढ्यात भाऊजींनी ताईच्या हातातून फोन घेतला. "प्रकाश, वापस येतो म्हन. ऊन वाढून राहिलं, मानसं उपाशी हायेत. मी फोन तिकडे धरतो, मोठ्यानं म्हन."

अर्जाचं पाकीट मी त्याच दुपारी कुरियरला देऊन आलो होतो. तरी मोठ्यानं म्हणालो, "बाबा, मी वापस येतो. इकडचं सगळं आवरून कायमचा येतो."

पलीकडे काही क्षण नुसता वारा ऐकू आला. मग एकदम गलका झाला. "शिवला! शिवला!" ताई मोठ्यानं रडायला लागली. भाऊजी म्हणाले, "पाह्य, हेच राह्यलं होतं त्यांचं."

आता २००८ संपत आलंय. कार्ड आलेलं नाही. लोकांनी सफाऱ्या कॅन्सल करायला सुरुवात केलीय, आमच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झालीत, माझी पाळी कधी येईल ते माहीत नाही. प्रवासाची परवानगी मात्र केव्हाच आली, ती ड्रॉवरमध्ये पडून आहे. म्हणजे आता जाता येतं. रोहिणी म्हणते, दोन आठवडे जाऊन तरी ये, यार, किती दिवस असा झुरत बसणार? तिला कसं सांगू? परतीचं तिकीट खिशात घालून त्या गावात पाय ठेवला की मी जे बोललो ते खोटं होतं हे सगळ्यांना कळेल. न जाता निदान ते येणं बाकी आहे असं तरी वाटत राहतं.

कुणी इथे विचारलं की तुमचं घर कुठे, तर मी परतवाडा सांगतो. ते माझं घर आहे, कारण तिथे लोक अजून माझी वाट बघताहेत. ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की भाऊ फोनवर बोलला आणि लगेच कावळा शिवला. तिच्या आवाजात अभिमान असतो. मी ऐकून घेतो. शिवला नसता तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं. बाबांनी मला ओळखलं असं तरी झालं असतं. पण त्यांनी माझं खरं मानलं, आणि जेवून गेले.