अस्तरामागचं पाणी

“हिलाच उतरवा आत. यांच्या लोकांना सवय असते.”

आमचे ठेकेदार साहेब हसत म्हणाले. सक्करदऱ्यात, भर रस्त्यावर, काम पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर. पाहुणेही हसले. मी त्या कामावरची इंजिनिअर. गटाराच्या चेंबरच्या काठाशी उभी होती.

आमच्या घरात गटारात कोणी उतरलं नव्हतं. उतरलं असतं तरी लाज त्यांची नव्हती. पण तेव्हा हे सुचलं नाही. कान तापले. मी उतरली.

गटाराची जुनी सिमेंटची लाइन. तिले आतून नवीन प्लास्टिकचं अस्तर लावलं होतं. जाड लावा, मी म्हटलं होतं. साहेबांनी पातळच लावलं. तिथली तलावाजवळची जमीन, पाण्यानं भरलेली. ते पाणी जुन्या भेगांतून शिरलं, अस्तरामागं साचलं, अन् अस्तर आत ढकललं गेलं. टॉर्चमध्ये फुगलेलं पोट दिसावं तसं. हात ठेवला. ताठ होतं.

वर आली. पाणी मागितलं. साहेबांनी बाटली हातात देली नाही.

“ओंजळ कर.”

वरून ओतलं. मी ओंजळ उघडली. पाणी मातीत पडू देलं. तेव्हापासून मी त्याले अहो-जाहो करत नाही.

तो शालिकभाऊकडे वळला. भिवापूरकडचा रोजीवरचा मजूर.

“जा रे, ते फुगलेलं कापून टाक.”

“जाऊ नोका, शालिकभाऊ,” मी म्हटलं. “मागं पाणी दाबून आहे. कापलं की अंगावर येईन. बुडून मरसान.”

“तुला कोणी विचारलं?”

मी चेंबरच्या तोंडावर पाय सोडून बसली. “पहिले बाहेरचं पाणी उपसा. तोवर कोणी उतरणार नाही. मीबी नाही.”

त्यानं माझ्या जातीचं नाव घेऊन शिवी देली. मोठ्यानं. पाहुण्यांनी मोबाइल पाहिले. मी उठली नाही. शेवटी पंप मागवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मले कामावरून काढलं. मी ठाण्यात गेली. शिवी जशीच्या तशी लिहून देली. पोलिसांनी साक्षीसाठी शालिकभाऊले बोलावलं. तो जमिनीकडे पाहत बोलला, “मले काही ऐकू नाही आलं. अस्तर लावायची मशीन चालू होती.”

मशीन बंद होती.

बाहेर तो गेटपाशी थांबला होता. “लेकरं हायेत, मॅडम.”

“माहीत आहे मले.”

त्याच्यावर माझा राग नाही. राग जिथं पाहिजे तिथं आहे, अन् तो मी थंडा होऊ देणार नाही. साक्षीदार एकटी तर एकटी. कोर्टाच्या प्रत्येक तारखेले जाईन. ती शिवी भरल्या कोर्टात, त्या ठेकेदाराच्या डोळ्यांत पाहून, अक्षर न गाळता बोलीन.