अंगाचा साबण, इंजिनाची गळती

मंडळी, आज सकाळी माझ्यावर ओढवलेल्या संकटाची इतिहासाने नोंद घ्यावी. विहिरीवर आंघोळीला गेलो, तर माझा साबण जागेवर नव्हता.

सापडला तो शेजारच्या सदूच्या पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरवर. कार्बोरेटरच्या बुडाला त्याचा लगदा थापलेला. त्यात माझे केस, सदूचे केस आणि कुणाची तरी तपकीर. वरून पेट्रोल टपकतच होतं.

"काय रं हे?"

"गळती थांबवतोय, दादा. आमी साबनच लावतो."

"थांबली का?"

"नाय ना! साबनच हलका हाय तुमचा."

साबणावरून भांडण काढणारच होतो, पण भातलावणीच्या बाया खोळंबल्या होत्या, उपटलेली रोपं बांधावर सुकत होती आणि चिखलणी अडली होती. नाक दाबून मी तो किळसवाणा लगदा खरवडला, सगळं कोरडं पुसलं आणि सदूच्या बायकोच्या ओट्यावरचं वाटीभर तांदळाचं पीठ इंजिनावर भुरभुरलं.

पीठ आधी भिजलं ते वर, पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी. तिथलं रबर तडकलं होतं. पेट्रोल तिथून ओघळायचं आणि हा बुडाला साबण थापायचा!

तडकलेलं टोक कापून नळी घट्ट बसवली. ट्रॅक्टर शेतात उतरला.

गळतं एकीकडे आणि थापायचं भलतीकडे, तेही दुसऱ्याच्या साबणाने. तुमच्याकडेही हेच चालतं का हो?

मी हे सदूला तावातावाने सांगत असतानाच त्याच्या घरातून वहिनी ओरडल्या, "माजं भाकरीचं पीठ कोनी न्हेलं रं?"

साबणाचा विषय मी तिथेच सोडला. घरी जाऊन आमच्या डब्यातलं वाटीभर पीठ गुपचूप त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो.