दिघोरीच्या वह्या

हे बोलायला मला फार वर्षं लागली, आणि अजूनही कुठून सुरुवात करावी ते ठरवत बसले आहे. नवऱ्याला ठाऊक नाही. सोबत काम करणाऱ्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मामीला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मामी म्हणजे माझ्या मामाची बायको. वडलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून शाळेसाठी मला दिघोरीला मामाकडे ठेवलं होतं. वाढवलं मामीनं. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ, आणि धानाच्या रोवणीत तिच्या बरोबरीनं परे लावणारी गावात दुसरी नव्हती. पण बांधीत वाकलेली असताना ती मध्येच थांबायची. पोट दाबून, चिखलात तशीच उभी. मुरडा यायचा तिला, तिखट खाल्लं की हमखास. साकोलीला दाखवलं, भंडाऱ्याला दाखवलं — सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं नॉर्मल. मग घरातले म्हणायला लागले, बहाणे करते. मामी आणि बहाणे? मी शाळकरी पोर, पण तिच्या बाजूनं सगळ्यांशी भांडायचे.

डॉक्टर झाले ती त्याच रागातून. पुढे संशोधनही तेच घेतलं — पोट आणि मेंदू यांचं आपसातलं बोलणं. सोपं करून सांगते. आपलं पोट दिवसभर मेंदूला काहीबाही कळवत असतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. काही माणसांच्या बाबतीत मात्र पोटाची साधी कुजबुज मेंदूला ओरडण्यासारखी ऐकू येते. तपासणीत काही सापडत नाही, पण दुखणं खरंच असतं. हे मी मामीला समजावलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, 'म्हंजे मी खोटी नाही ना वं?' मी तिला मिठी मारली होती.

इथपर्यंत मी चांगली माणूस होते बघा.

मग माझा पहिला मोठा अभ्यास आला. औषध नाही — श्वासाचे आणि पोट सैल सोडण्याचे व्यायाम, दोन महिने, रोज. त्यानं दुखणं कमी होतं का, एवढाच प्रश्न. साकोलीकडच्या एका गावात माझा सहकारी शिकवणार होता. दुसरं गाव मी निवडलं दिघोरी. आपल्याच घरची माणसं अभ्यासात घेऊ नयेत, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मामीला बरं करायचं होतं ना मला — आणि खरं सांगू, तिनं मला डॉक्टरीणबाई म्हणून मिरवताना बघावं, हेही होतंच. बायका हौसेनं आल्या. प्रत्येकीला एकेक वही दिली. रोज संध्याकाळी शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहायचा, आज किती दुखलं त्याचा. बस, इतकंच काम.

एकदा मी सांगितल्या वेळेच्या बरीच आधी पोचले. भर दुपार. मामीच्या ओसरीवर सगळ्या जमलेल्या, आणि मामीच्या मांडीवर वह्यांचा गठ्ठा. पेन एकच, मामीच्या हातात. मी कुडाच्या अलीकडेच थांबले. एकजण म्हणत होती की तिचं तर या आठवड्यात जास्तच दुखून राहिलं. मामीनं वर न बघता सांगितलं, 'मांगं सहा होते, आता पाच लिवते. एकदम शून्य नोको, सरायले वाटन नकल केली. आपली पोरगी नापास नाही झाली पायजे.'

हसू आलं ना तुम्हाला? मलाही आलं होतं. त्यांना वाटलं होतं ती माझी परीक्षा आहे, पेपर त्या लिहून राहिल्या आणि मार्क मला मिळणार. इतकी माया कुणी कुणावर केली असेल? माझे डोळे भरून आले. मला फक्त ओसरीवर जाऊन बसायचं होतं. म्हणायचं होतं, अवं बायांनो, मी पास-नापास नाही होत, खरं लिहा.

मी परत फिरले. फाट्यावरच्या टपरीवर दोन चहा प्याले आणि ठरल्या वेळेला पुन्हा आले — या वेळी लांबूनच मामीला हाक मारत. वह्या घेतल्या. छान, म्हणाले.

साकोलीकडच्या वह्यांत आकडे वरखाली होते, खरं दुखणं असतं तसे. दिघोरीचे आकडे पायरी पायरीनं उतरलेले. आमच्या सरांनी वह्या चाळून विचारलं, या बायका इतक्या नेटानं व्यायाम करतात? मी म्हणाले, माझं गाव आहे सर. शोधनिबंध छापून आला. त्यावर नोकरी मिळाली, पुढची कामं मिळाली. आज मी मंचावर उभी राहून नव्या डॉक्टरांना सांगते की पेशंट दुखतंय म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. टाळ्या पडतात.

तुम्ही म्हणाल, झालं, आकडे खोटे होते, हीच कबुली. नाही. ती मी एखाद वेळी कुणाला सांगूही शकले असते.

निबंध आला त्याच्या पुढच्या दिवाळीत मी मंडईसाठी, आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, दिघोरीला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. मामी मागच्या अंगणात चुलीपाशी एकटीच बसली होती, पदराआड हात, पोटावर. मला बघून तो काढला. मी जवळ बसले. चुलीत लाकूड सारत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, 'बाई, ते पोटाचं बरं झाल्यावर परत येते का वं एखादीले?'

परत येतं. नेहमी येतं. कोणाही पेशंटला मी ते पहिल्याच दिवशी सांगते. आणि तिचं तर गेलंच नव्हतं. दुखायला ती माझी परवानगी मागत होती, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी म्हणाले, 'नाही मामी. एकदा गेलं का गेलं.'

'तसंच असन मंग,' ती म्हणाली. 'मले काहून असं वाटते कोण जाणे.'

मग तिनं सगळ्यांना वाढलं. भाजीत तिखट चांगलंच होतं. माझ्या समोर पान घेऊन बसली, आणि मी बघत असताना तीच भाजी दोनदा मागून घेऊन तिनं खाल्ली.