माह्या वाटचं कोणी सोसलं

गेल्या पौर्णिमेपर्यंत आईला ठाऊक नव्हतं, की मी नागपूरच्या प्रयोगशाळेत नेमकं काय करते. ‘औषधांची तपासणी’ एवढंच मी सांगितलं होतं. खरं असं, की पांढऱ्या उंदरांना आणि सशांना भूल देऊन मी त्यांच्या हृदयाची लय मुद्दाम बिघडवते. हृदय ठोके सोडून नुसतं थरथरू लागतं. मग विजेच्या किती हलक्या झटक्यानं ते ताळ्यावर येतं, ते पाहायचं. काम संपलं की त्या जिवांना पुन्हा जाग येऊ देत नाहीत. पांढरकवड्याच्या आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जातं; जीवहिंसा करणार नाही, असं लहान लेकरूही म्हणतं. तिथे हे कोणत्या तोंडानं सांगणार? सुटीला गेले की मी वंदनेला आईच्या मागे बसायचे आणि मान वर करायचे नाही.

त्या पौर्णिमेला विहारात खीर वाटता वाटता आई कोसळली. मी शेजारीच होते. नाडी लागेना. काय झालंय ते मला तत्क्षणी कळलं, तरी माझे हात उठले नाहीत. मी केलं ते आईवर उलटलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. तेवढ्यात गर्दीतून एक अनोळखी बाई पुढे आली. ती नर्स होती, मुकुटबनला माहेरी निघालेली आणि वंदनेपुरती थांबलेली.

"ताई, बाजूले सरका!" म्हणत तिनं आईची छाती दाबायला सुरुवात केली. "पाहून काय राह्यले? गाडी काढा कोणी!"

गाडीतही तिनं हात थांबवले नाहीत. दवाखान्यात यंत्राच्या पडद्यावर तीच थरथर दिसली, जी मी रोज पाहते. डॉक्टरांनी झटका दिला. रेघ सपाट झाली. मग एक ठोका आला, त्यामागून दुसरा. मी भिंतीला टेकून खाली बसले. भानावर आले तोवर नर्स निघून गेली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

आई बोलायला लागली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"त्याईले दुखते का?"

"आधी भूल देतो."

"अन् मंग उठते?"

"नाही."

आईनं डोळे मिटले. वाटलं, आता ती तोंड फिरवेल. तिनं सलाईन लावलेला हात उचलून कसेबसे दोन्ही हात जोडले.

"म्हंजे माह्या वाटचं त्याईनं सोसलं. मी याले चांगलं नाही म्हणत, पोरी. पण खोटं नको बोलू. अन् एका जीवात भागत असन, तं दुसरा घेऊ नको."

मी कामावर परतले. कमी जीव लागतील अशी प्रयोगांची आखणी नव्यानं केली. जीव वाचवणं माझ्या हातात आहे, असं मला वाटायचं. त्या दिवशी माझे हात निकामी होते आणि आई वाचली. कोणाकोणाच्या कृपेनं, ते सगळं मला कधीच कळणार नाही. शरम गेलेली नाही. ती जावी, असं मागणंही मी सोडलंय.